चार चाकांच्या दोन रेघा

जिन्सी, औरंगाबाद
१२ मार्च १९९५

आदरणीय बद्रीकाका,

सलाम. द्वारकाकाकूंना माझा नमस्कार सांगा, पण हे पत्र आधी त्यांच्या हातात देऊ नका. पहिल्याच पानावर माझी चूक आहे.

फोनवर तुम्हाला आता फक्त भुंगा ऐकू येतो, असं भागू म्हणाली. म्हणून लिहिते. लिहिलेलं खोडताही येतं.

नोव्हेंबरात अब्बा ट्रकमध्ये चढायच्या पायफळीवरून घसरले आणि खुबा मोडला, ते तुम्हाला माहीत आहेच. आता काठी घेऊन चालतात. मागच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "बसून गाडी चालवा, हरकत नाही. पण पाय उंच उचलायचा नाही." अब्बा रिक्षात बसल्या बसल्या म्हणाले, "सुनी ना? मई में भागू कू मैं च लेके जाता." तुमच्या मनकर्णाताईला आणि गयाताईला लग्नानंतर अब्बांनीच आपल्या ट्रकमधून सासरी पोचवलं. आता तुमच्या धाकट्या भागूला दुसऱ्या कुणाच्या गाडीतून जाऊ देणं त्यांना सहन होणार नाही. तसं झालं तर ते नुसते गॅरेजच्या दारात बसून राहतील. चार महिने तेच बघते आहे मी.

म्हणून मी विटा रचून त्यांना पाय टाकायला लावला. तेरा इंचांपर्यंत पाय न दुखता उचलला जातो. ट्रकची पायफळी जमिनीपासून सतरा इंच. फरक चार इंच. तुम्ही दोघं मिळून गॅरेज चालवत होता तेव्हा बोअर खोदणाऱ्या परदेशी लोकांच्या लिलावात अब्बांनी घेतलेला हा अमेरिकन पिकअप गुंडाळ्या स्प्रिंगांचा आहे, पट्ट्यांचा नाही. मी विचार केला, स्प्रिंगा थोड्या कापल्या की गाडी खाली बसेल. फकिराभाऊ वेल्डरला घेऊन चारही कापल्या. तुम्हाला विचारलं नाही. ही ती चूक.

गाडी बरोबर चार इंच खाली आली. अब्बा आपले आपण चढले, हॉर्न वाजवला, सगळी गल्ली गोळा झाली. शेजारची जैतुनबी खाला रडली. पण गाडी दहा पावलं गेली आणि मागून खर्रर्र आवाज आला. मागचं डावं टायर मडगार्डाला घासतंय. उजवीकडं मात्र तीन बोटं मोकळी जागा आहे. (उजव्या मडगार्डाला अब्बांनी लावलेली काळी रबरी पट्टी मापात धरली नाही. मी पत्र्यापासून मोजलं.) मागची दोन्ही चाकं एक्सलसकट डावीकडं सरकली आहेत.

मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या नकाशांवर अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा ओढते, आणि घरचा ट्रक वाकडा करून बसले. लग्न २१ मेला आहे. हे सरळ झाल्याशिवाय मी अब्बांना किल्ली देणार नाही. काय करू?

तुमची,
मुनिरा

ता. क. – डावीकडं तीन मिलिमीटर, उजवीकडं चोपन्न. दोनदा मोजलं.


सिल्लोड
२० मार्च

चि. मुनीस,

बद्रीकाकाचा मोठ्या आवाजात आशीर्वाद. बहिऱ्याचा आवाज मोठाच असतो, घरातले कावलेत.

पत्र काकूनंच आधी वाचलं. म्हणली, "पोरीनं बापासाठी गाडी खाली आणली, अन् हिला चूक म्हणते व्हय?" मंग माझ्याकडं बघून म्हणली, "आपल्या जावयांनी साधा पाट तरी खाली आणलाय का कुणासाठी?"

आधी एक सांग. स्प्रिंगा गॅसनं कापल्या का दगडानं? गॅसनं कापल्या असतील तर स्प्रिंगचा जीव गेला, फेकून दे. ग्राइंडरच्या दगडानं कापल्या असतील तर भिऊ नको.

आता ऐक. गाडीखाली जा. मागच्या एक्सलजवळ एक आडवा दांडा दिसंल. त्याचं एक टोक उजवीकडं चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दुसरं डावीकडं एक्सलला. एक्सल इकडंतिकडं पळू नये म्हणून हा दांडा त्याला धरून ठेवतो. दांडा तिरपा असतो, चासीकडं उंच. तू चासी खाली आणली, दांडा आडवा पडला. तिरपी शिडी भिंतीवरून खाली सरकली की तिचे पाय लांब जातात, व्हय का नाय? तसंच. दांड्यानं एक्सल डावीकडं लोटला. तुझी चूक कायबी नाय, दांडा त्याच्या स्वभावाप्रमाणं वागला.

इलाज सोपा. दांडा मधून काप. लेथवाल्याकडून आटे पाडून घे, एका टोकाला सुलटे, एका टोकाला उलटे. म्हणजे दांडा जागच्या जागी फिरवला की लांबी कमीजास्त होती. कमी कर, एक्सल उजवीकडं येईल. मंग दांडा परत फिरू नये म्हणून चेकनट आवळून टाक.

माप घेताना गाडी जॅकवर ठेवू नको. चाकं लटकली की माप खोटं. गाडी चाकांवर उभी पाहिजे, अन् ज्या वजनानं जायची तेवढं वजन वर पाहिजे. वजन दोन्ही अंगाला सारखं टाक. एका अंगाला टाकू नको. हे दोनदा लिहितो, एका अंगाला टाकू नको.

इलियासला म्हणावं, लंगड्या, गाडी चालवशील तर गुमान चालव, गाणं म्हणू नको. मला आता ऐकू येत नाय हे देवानं बरं केलं.

बद्रीनाथ


जिन्सी
४ एप्रिल

आदरणीय बद्रीकाका,

ग्राइंडरनंच कापल्या. तुमचं पत्र आल्यावर फकिराभाऊला तीनदा विचारून खात्री केली. तिसऱ्या वेळी तो चिडून म्हणाला, "बाई, मी वेल्डर हाय, चोर नाय."

दांडा झाला. चिकलठाण्याच्या लेथवाल्यानं आटे छान पाडले. वजनाचं तुम्ही सांगितलं तसं केलं. रविवारी गल्लीतल्या दहा माणसांना ट्रकच्या मागच्या हौद्यात बसवलं, पाच इकडं, पाच तिकडं. मी खाली पाठीवर पडून फूटपट्टी धरली आणि फकिराभाऊ दांडा फिरवत होता. प्रत्येक वेळी माप वेगळं यायचं. मी रडायच्या बेतात होते. मग कळलं, जैतुनबी खाला पानदान घेऊन कधी या अंगाला गप्पा मारायला जाते, कधी त्या अंगाला. मी खालून ओरडले, "खाला, हिलो नक्को!" ती वरून म्हणाली, "मैं हिली तो गाडी हिलती? इत्ती मैं मोटी?" वरचे सगळे एवढे हसले की त्यानंही माप बदललं. शेवटी तिला बरोबर मधोमध पाटावर बसवलं. तिला ते इतकं आवडलं की आता मधोमध बसायला मी बोलावत का नाही असं रोज विचारते.

दोन्ही मडगार्डांपासून टायर अगदी सारखं आलं. अठ्ठावीस आणि साडेअठ्ठावीस. अकरा वेळा मोजलं. घासणं बंद.

इथंच थांबायला हवं होतं. पण मला राहवलं नाही. गॅरेजमागच्या अंगणात पाणी मारून माती सपाट केली आणि फकिराभाऊला गाडी सरळ न्यायला सांगितली. पुढचं टायर जिथून गेलं तिथूनच मागचं जायला हवं ना? तसं होत नाही. मागच्या दोन्ही चाकांची रेघ पुढच्या रेघेच्या उजवीकडं पडते, अर्धा इंच. पाच वेळा माती सपाट केली, पाचही वेळा तेच.

मडगार्ड म्हणतं चाकं मधोमध आहेत. जमीन म्हणते नाहीत. दोघांतलं एक खोटं बोलतंय. कोणतं, ते तुम्ही सांगा. अब्बा रोज किल्ली मागतात. मी म्हणते, "थोडं राहिलंय." ते म्हणतात, "पूरा होके किसीकू क्या मिला, बेटी?" पण भागू आत बसणार आहे आणि अब्बा चालवणार आहेत. "थोडं राहिलंय" अशी गाडी मी देऊ शकत नाही.

मुनिरा


सिल्लोड
११ एप्रिल

चि. मुनीस आशीर्वाद.

मडगार्डाचं माप बरोबर आलं ना, मंग झालं. जमिनीचं काय बघतीस. जुनी गाडी आहे. घासत नाय, बास.

नाहीतर असं कर, इलियासला एवढ्या लांब गाडी चालवायला लावूच नको. उन्हाळा लई आहे. तुम्ही सगळे बसनं या. भागूसाठी जीप बघतो.

बद्रीनाथ


जिन्सी
१६ एप्रिल

आदरणीय बद्रीकाका,

तुमचं कार्ड मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात एकही टोमणा नव्हता. काकूंचा निरोप नव्हता. तुम्ही रागावलात का? मी फार प्रश्न विचारते हे मला कळतं. लहानपणी भागू आणि मी काकूंजवळ पाटीवर अक्षरं गिरवायचो तेव्हा भागूचं पान भरायचं आणि मी एकाच "क"चं पोट पुसत बसायची. काकू म्हणायच्या, "अगं, ते अक्षर आहे, पोळी नाही. गोल झालं नाही तरी चालतं." मला अजून ते जमलेलं नाही.

जीपचं मी अब्बांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

आणि आता जे लिहिते आहे ते फक्त तुमच्यासाठी. कार्ड आल्यावर मी ओळंबा घेतला. मडगार्ड सोडून दिलं आणि चासीपासून मोजायला घेतलं. चासीच्या दोन्ही बाजूंनी दोरी सोडून जमिनीवर खडूनं खुणा केल्या, हौद्याच्याही केल्या. जमीन खरं बोलत होती. खोटं बोलतोय तो हौदा. हौदाच चासीवर अर्धा इंच उजवीकडं बसवलेला आहे. मडगार्डं हौद्यालाच जोडलेली. मी त्या वाकड्या हौद्याच्या मापानं चाकं मधोमध आणली, म्हणून ती चासीच्या मधोमध राहिली नाहीत.

खाली हात घालून बघितलं तर हौद्याच्या प्रत्येक बोल्टाशेजारी एक जुनं भोक आहे, वरून लांबीचा लगदा भरून रंगवलेलं. कुणीतरी जुनी भोकं सोडून नवी पाडली, आणि ती चुकली.

गाडी अब्बांची. हात अब्बांचाच असणार. काका, औरंगाबादेत लोक अजून म्हणतात, इलियासमिस्त्रीचं माप म्हणजे माप. आता ते काठी घेऊन चालतात, आणि त्यांच्याच मुलीनं त्यांची जुनी चूक खडूनं जमिनीवर काढून ठेवली. मी लगेच खडू पुसून टाकला. कृपा करून त्यांना कधीच सांगू नका. मी काहीतरी निमित्त काढून हौदा सरकवेन. पण निमित्त म्हणजे खोटं, आणि ते माझ्या तोंडावर लगेच दिसतं.

तुमची,
मुनिरा


सिल्लोड
२४ एप्रिल

चि. मुनी,

पोरी, खडू पुसायची गरज नव्हती. ती भोकं इलियासची नाहीत. माझी आहेत.

शहात्तर साल. मनकर्णाचं लग्न. लग्नाआधी चासीला तडा दिसला, म्हणून हौदा काढला, तडा भरला, हौदा परत ठेवला. जुनी भोकं झिजून मोठी झाली होती, बोल्ट खुळखुळत होते. म्हणलं, उद्या सकाळी नवी पाडू. सकाळी उठून बघतो तर तुझ्या काकूनं भावांना हाताशी धरून मनकर्णाचं लोखंडी कपाट हौद्यात चढवलेलं, उजव्या अंगाला बांधलेलं, वर हळदकुंकू लावून ओवाळूनसुद्धा झालेलं. मी म्हणलं, दहा मिनिटं उतरवा. अंगावरच आली. "ओवाळलेला संसार खाली उतरवतात व्हय? पोरगी परत यायची!" तिथं जमलेल्या सगळ्या बाया तिच्या बाजूनं. इलियास तिकडं नवा सदरा घालून हाराची फुलं आणायला गेलेला.

मंग मी काय करणार. कपाटासकट खाली शिरलो अन् भोकं पाडली. कपाटाच्या वजनानं हौदा उजवीकडं घसरला होता, ते दिसलं मला. पण तिकडं वाजंत्री सुरू झाली. म्हणलं, लग्न झालं की बघू. मंग गयाचं लग्न आलं. मंग भागूची शाळा आली. मंग मीच सिल्लोडला आलो. एवढी वर्षं "लग्न झालं की बघू" असंच चाललंय.

म्हणून तुला दोनदा लिहिलं, वजन एका अंगाला टाकू नको. अन् जमिनीवरची रेघ वाचून माझी भोकं आठवली, म्हणून ते कार्ड. जीप कुठं आहे इथं? शेजाऱ्याची होती ती त्यानं दिवाळीत विकली.

इलियासनं उभ्या जन्मात माझ्या कामाला नाव ठेवलं नाय. गिऱ्हाइकासमोर म्हणायचा, "बद्रीने बोल्ट कसा है तो देखनेकी जरूरत नै." अन् मी त्याच्याच गाडीचा हौदा वाकडा बसवून त्याच्याच शेजारी बसून चहा प्यायलो.

आता तू सांग त्याला. तुझ्या तोंडावर खोटं दिसतं, माझ्या दिसत नाय, त्याचं काय करू.

बद्रीनाथ


जिन्सी
३० एप्रिल

आदरणीय बद्रीकाका,

सांगितलं. आधी तुमचं पत्र दोन दिवस उशीखाली ठेवलं. मग शुक्रवारी अब्बा नमाजहून आले, खाटेवर बसले, तेव्हा पत्रच वाचून दाखवलं. कपाटापर्यंत पोचले आणि ते हसायला लागले. वाजंत्रीपर्यंत काठी खाली पडली. मला वाटलं खुब्याला काही होईल, मी घाबरून म्हणाले, "अब्बा, हळू!" ते डोळे पुसत म्हणाले, "मेरेकू मालूम हे ना. उसी दिन से."

मनकर्णाताईला घेऊन सिल्लोड रस्त्याला लागल्यावर पहिल्याच वळणाला त्यांनी आरशात बघितलं. एका बाजूचा आरसा हौद्यानं जास्त झाकला होता. पोचल्यावर वाकून बघितलं आणि सगळं कळलं. तेव्हापासून माहीत आहे. काका, उजव्या मडगार्डाची ती रबरी पट्टी शोभेसाठी नव्हती. तिथं जागा जास्त दिसू नये, तुमचं काम कुणाच्या नजरेत येऊ नये, म्हणून त्यांनी ती लावली. दर दोन वर्षांनी बदलायचे. मी लहानपणी ती चिकटवायला डिंक धरून उभी राहायची आणि विचारायची, "दुसऱ्या बाजूला का नाही, अब्बा?" ते म्हणायचे, "एकीच बाजू अच्छी लगती."

मी म्हटलं, तुम्ही काकांना सांगितलं का नाही? म्हणाले, "बेटी की बिदाई के दिन बाप कू बोलूँ, तेरा काम तेढा हुआ? फिर बाद में बोलने कू क्या बचता?"

म्हणजे एवढी वर्षं तुम्ही त्यांच्यापासून लपवत होता आणि ते तुमच्यापासून. आणि मी दोघांपासून लपवायला निघाले होते. आपल्या गॅरेजात एवढी गुपितं मावली याचंच नवल.

आता पुढचं ऐका. मी अब्बांना दोन मार्ग सांगितले. एक, हौदा तसाच ठेवून फकिराभाऊनं डाव्या मडगार्डाची कड ठोकून बाहेर काढायची. दोन, हौदा उचलून जुन्या भोकांवर सरळ बसवायचा. मग चाकं चासीच्या मधोमध, हौद्याच्याही मधोमध. मी दुसरा म्हणाले. अब्बांनी तिसरा सांगितला, तो त्यांच्याच शब्दांत लिहिते:

"बद्रीकू बुला. उसके भोकां वोच दुरुस्त करता. और बोल, कपाट मत लाना."

काका, या ना. तुमचं अंथरूण मी गॅरेजमागच्या खोलीत घालते, पंख्याखाली. लग्नाला तीन आठवडे राहिले आहेत आणि तुम्ही मुलीचे वडील आहात, तुम्हाला हजार कामं असतील, हे मला कळतं. तरी या.

तुमची,
मुनिरा

ता. क. – दांडा मी अजून हलवलेला नाही. हौदा सरळ झाल्यावर तो अर्ध्या इंचानं कमीजास्त करावा लागेल. दिशेचा हिशोब चार वेळा केला, चारही वेळा वाढवायचा आला. तुम्ही आलात की पाचव्यांदा करू.


सिल्लोड
२४ मे

चि. मुनी,

लग्नघर आज रिकामं झालं. मांडवाच्या बल्ल्या काढतायत, म्हणजे माणसं म्हणतायत, मला ते ऐकू येत नाय. तू ट्रकच्या मागं, हौद्यात पाठराखणीबरोबर बसून गेलीस. म्हणून जे तुला दिसलं नाय ते लिहितो.

त्याआधी एक. औरंगाबादेत चार दिवस राहिलो ते माझ्या म्हातारपणातले सगळ्यात चांगले. मी अन् इलियास गाडीखाली, तो एका पायावर झोपलेला, मी एका कानावर, अन् तू दोघांना पाय धरून बाहेर ओढलंस अन् म्हणलीस, "तुम्ही दोघं सरका, माप मी घेते." इलियास म्हणला, "देख बद्री, हमारी नौकरी गई." तो वरडून म्हणला म्हणून ऐकू आलं. ती रबरी पट्टी त्यानं काढून माझ्या हातात दिली, मी काठीच्या मुठीला गुंडाळलीय. हात घसरत नाय.

या वेळी कपाट कोण चढवणार यावर काकूनं स्वतः पहारा दिला. म्हणली, "आधी बोल्ट बघा, मंग ओवाळते." कपाट मधोमध बांधलं. जैतुनबीनं येऊन सांगितलं, "बीच की जगा मेरी थी." त्यावर तिला कपाटाशेजारी पाट दिला, हे तुला माहीतच आहे, तूच तिला धरून बसली होतीस.

आता ते. भागू अन् जावई पुढं बसले. इलियास चढला, कुणाचा हात न धरता, तेरा इंच. साऱ्या बाया रडत होत्या. गाडी हालली. तू मागं बसून डोळे मिटलेले, मान वाकडी करून टायरचा आवाज ऐकत होतीस, ते मला दिसलं. आवाज आला नाय ते तुझ्या तोंडावरून कळलं, मला कान कशाला पाहिजेत. इलियासचं तोंड खिडकीतनं हलत होतं, म्हणजे गाणं म्हणत होता.

कामाच्या साळूबाईनं सकाळीच अंगणात सडा टाकला होता. गाडी वेशीकडं वळली अन् मी खाली बसलो. काकूला वाटलं मला चक्कर आली. धावत आली. मी म्हणलं, "अगं, बघ." ती म्हणली, "लेक चालली अन् तुम्ही माती बघताय?" म्हणलं, "बघ तरी."

चार चाकं गेली होती. रेघा दोनच होत्या.

मंग ती बसली माझ्याशेजारी. मंग मात्र दोघं पोटभर रडलो.

साळूबाई झाडू घेऊन आली तिला म्हणलं, हात लावू नको. सगळे पाव्हणे त्या रेघांना वळसा घालून जेवायला गेले. व्याह्यांचे कारभारी विचारत होते, हा काय इकडचा कुळाचार आहे का. मी म्हणलं, व्हय. आता परवाच्या वाऱ्यानं रेघा गेल्या. पण तोवर मी चार वेळा मोजून घेतल्या होत्या. अर्धा इंच सोड, दाण्याएवढापण फरक नव्हता.

इलियासला म्हणावं, भागू आषाढात माहेरी येईल. तिच्या सासरी करमाडला आणायला गाडी पाठव. चालवणारा तोच पाहिजे.

तुझा,
बद्रीकाका

मुनी, हे काकूच्या हातचं. चार वेळा नाही, अकरा वेळा. मी ओसरीत बसून मोजलं. अन् तुझा "क" चांगला गोल येतो आता, पत्रांतून बघते आहे.